फुलपाखरांसाठी बाग: आधी पानं, मग फुलं

फुलपाखरांची बाग करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणती फुलं लावू?" मी उलट विचारते, "पानं कुरतडलेली चालतील का?" या प्रश्नाचं उत्तर मनापासून "हो" असेल, तर निम्मं काम झालं असं समजा.

फुलावर येणारं फुलपाखरू पाहुणं असतं. दोन घोट मकरंद घेतला की निघालं. ते तुमच्याकडे राहावं, पुन्हा पुन्हा यावं, त्याच्या पुढच्या पिढ्या तुमच्याच कुंडीत वाढाव्यात असं वाटत असेल, तर त्याच्या पिल्लांच्या जेवणाची सोय करावी लागते. पिल्लं म्हणजे अळ्या, आणि अळ्या पानं खातात. तीही वाटेल ती नाहीत. प्रत्येक जातीची ठरावीक झाडं असतात, ती नसतील तर अळी उपाशी मरते पण दुसऱ्या पानाला तोंड लावत नाही. अशा झाडांना खाद्यवनस्पती म्हणतात. ही झाडं आणि आपली फुलपाखरं हजारो वर्षं एकमेकांच्या सोबतीने वाढलेली आहेत, म्हणून देशी झाडांचा आग्रह.

माझी जागा म्हणाल तर पुण्यात, तळमजल्यावरच्या घरामागे 10 फूट बाय 6 फुटांची पट्टी आणि पुढे एक गॅलरी. पहिल्या वर्षी मी नर्सरीतून झेंडू, पेंटास, साल्विया अशी फुललेली रोपं आणून ओळीत लावली. दिसायला छान दिसायची. फुलपाखरंही यायची, पण थांबत नव्हती. मग कुंपणाशी आपोआप उगवलेल्या रुईवर एक दिवस नारिंगी पंखांची मादी उतरलेली दिसली. तिने पानावर पुढच्या पायांनी भराभर टकटक केलं. फुलपाखरांना पायांनी चव कळते, पान बरोबर आहे ना याची ती खात्री करत होती. मग पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं चिकटवलं आणि पुढच्या पानाकडे गेली. ती गेल्यावर पान उलटून पाहिलं, तर बाजरीच्या दाण्याहूनही लहान, पांढरट, उभ्या रेघांचं अंडं. त्या दिवसापासून माझी बाग रुईभोवती वाढत गेली.

सुरुवातीला नुसतं बघा

रोपं आणायची घाई करू नका. आठवडाभर सकाळी नऊ ते बारा या वेळात जागेचं निरीक्षण करा. ऊन कुठून येतं, किती वेळ टिकतं, वारा कुठून घुसतो, पावसाचं पाणी कुठे साचतं, हे वहीत लिहा. फुलपाखराला अंग तापल्याशिवाय उडता येत नाही, म्हणून जिथे रोज निदान पाच तास ऊन मिळतं तीच जागा धरा. सावलीतल्या गॅलरीत फर्न छान येतील, फुलपाखरं फारशी येणार नाहीत. वरच्या मजल्यावर वारा जास्त असेल तर कठड्याच्या बाजूला कढीपत्ता किंवा लिंबासारखं दाट झाड ठेवा, म्हणजे आडोसाही होतो आणि अळ्यांची सोयही.

आजूबाजूला काय उगवतं तेही बघा. शंभर पावलांच्या आत रुई, टाकळा, एरंड, बेल, बहावा असेल, तर त्यांच्यावरची फुलपाखरं तुमच्या दारात आलेलीच आहेत. तीच झाडं आधी लावली की यश लवकर मिळतं.

खाद्यवनस्पती: कोणासाठी काय लावायचं

नवख्या माणसाने चार-पाच झाडांपासून सुरुवात करावी. मी कोणती निवडेन ते सांगते.

पहिला मान *कढीपत्ता आणि लिंबाला*. बहुतेक घरांत कढीपत्त्याची कुंडी असतेच. त्याच्या कोवळ्या पानांवर लाइम बटरफ्लाय आणि बहुरूपी ही फुलपाखरं अंडी घालतात. बहुरूपी म्हणजे कॉमन मॉरमन. त्याच्या मादीची रूपं एकाहून जास्त असतात, काही रूपं "रोझ" नावाच्या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात, म्हणून हे नाव. लिंबावर नशीब जोरावर असेल तर नीलवंत येतं. नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमन, 2015 साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेलं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पंख पसरले तर 12 ते 15 सेंटिमीटर भरतं, काळ्या मखमलीवर निळा रंग. सह्याद्रीच्या जवळपास, कोकणात, मुंबई-ठाण्यात ते बागांतूनही फिरतं.

लिंबाचं रोप विकत आणायची गरज नाही. सरबताच्या लिंबाच्या बिया वाळू न देता कुंडीत एक बोट खोल टाका, दोन-तीन आठवड्यांत उगवतात. फळ धरायला वर्षं लागतील, पण अळीला फळ कुठे हवंय? हातभर उंचीचं रोप तिला पुरतं. मी कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवते, एक आमच्या फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. अळी चुकून स्वयंपाकाच्या झाडावर दिसली की पानासकट उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायची.

विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना हे वाचून पटणार नाही हे मला ठाऊक आहे. लाइम बटरफ्लायची अळी लिंबूवर्गीय रोपवाटिकेत नुकसान करते, कोवळी रोपं उघडी पाडते. ज्यांचं पोट त्या झाडांवर आहे त्यांनी तिचा बंदोबस्त करावा हे योग्यच. इथे मी घरच्या बागेपुरतं बोलतेय.

दुसरं झाड *रुई*. मारुतीला शनिवारी जिच्या पानांची माळ घालतात तीच. हिच्यावर बिबळ्या कडवा वाढतो, इंग्रजीत ज्याला प्लेन टायगर म्हणतात. त्याच्या मराठी नावातच सगळी गोष्ट आहे. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं, त्यामुळे पक्ष्याला ते कडू लागतं. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा वाटेला जात नाही. रुईची बोंडं फुटून कापूस उडायला लागला की बी गोळा करा आणि पावसाच्या सुरुवातीला पेरा. फांदीही लागते, पण तोडल्यावर चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवून मगच लावा. मूळ खोल जातं, म्हणून कुंडी मोठी घ्या, निदान 16 इंची.

इथे एक गोष्ट कानात साठवून ठेवा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. रुईला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, छाटताना चश्मा घाला, आणि लहान मुलं खेळतात तिथे ती लावूच नका. कण्हेरीवर हबशी नावाचं तपकिरी-काळं फुलपाखरू अंडी घालतं. त्याचा आरशासारखा चकचकीत कोष बघण्याजोगा असतो. पण कण्हेर पानाफुलांसकट सर्वांगाने विषारी आहे. घरात पाळीव जनावर किंवा रांगतं मूल असेल तर हबशीसाठी अनंतमुळाचा वेल लावा, मुळांना सुगंध येतो तो.

नर्सरीत "बटरफ्लाय प्लँट" म्हणून लाल-पिवळ्या फुलांचं एक झुडूप मिळतं, त्याला आपल्याकडे हळदीकुंकू किंवा काकतुंडी म्हणतात. बिबळ्या कडवा त्यावरही येतो. पण ते मूळचं अमेरिकेतलं आहे, पाणथळ जागी मोकाट पसरतं. लावलंच तर कुंडीत लावा आणि शेंगा फुटायच्या आत काढून टाका. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरूही आहे, त्याचा या झाडाशी काही संबंध नाही. हळदीकुंकू फुलपाखराच्या पंखांवर पिवळा आणि लाल रंग असतो, आणि त्याच्या अळ्या घोळक्याने बांडगुळावर वाढतात. बांडगूळ कोणी मुद्दाम लावत नाही, पण मोठ्या आंब्यावर थोडं असलं तर सगळंच्या सगळं काढू नका एवढी विनंती.

तिसरी *पानफुटी*. मूळची मादागास्करची असली तरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. एकच खिडकी असलेल्यांसाठी याहून सोपं झाड नाही. एक पान ओल्या मातीवर ठेवलं तर कडेकडेने रोपं फुटतात. तिच्यावर रेड पिएरो येतं: काळं-पांढरं, मागच्या पंखावर शेंदरी डाग, नखाएवढं. त्याची अळी जाड पानाच्या आत शिरते आणि पान आतून पोखरत जाते. पान उन्हाकडे धरलं तर आतली अळी सावलीसारखी दिसते. मुलांना दाखवायला हे सर्वांत आधी दाखवा.

चौथा *टाकळा*. पावसाळ्यात रस्त्याकडेला फुकट उगवतो, आपण कोवळा असताना भाजी करतो. त्यावर पिवळी ग्रास यलो आणि हिरवट पांढरी एमिग्रंट फुलपाखरं अंडी घालतात. जागा मोठी असेल तर एमिग्रंटसाठी बहावाच लावा.

पाचवी *घोळ*, तीही भाजीची. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराच्या अळ्या घोळीवर वाढतात. याची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते. स्वतः कडू नाही, पण कडूसारखं दिसून पक्ष्यांपासून वाचते. नर मात्र अगदी वेगळा: काळे पंख, त्यावर जांभळ्या झळाळीचे पांढरे ठिपके. एका कुंडीत रुई आणि शेजारी घोळ असेल, तर मूळ आणि नक्कल दोन्ही तुमच्याकडे येऊ शकतात.

पुढच्या वर्षी वाढवायचं असेल तर सीताफळ किंवा सोसायटीतला उंच खोटा अशोक टेल्ड जे या चपळ, हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखरासाठी. त्याला कोवळी पालवी लागते, म्हणून अधूनमधून शेंडे छाटा. कोरांटीवर पॅन्सी, एरंडावर कॉमन कॅस्टर, बोरीवर कॉमन पिएरो, हरणदोडीच्या वेलावर ब्लू टायगर. कुंपण असेल तर वाघाटीचा वेल चढवा. आषाढी द्वादशीला उपवास सोडताना जिची भाजी करतात ती वाघाटी. तिच्या पानांवर ग्रेट ऑरेंज टिप वाढतं. सापसंदाचा वेल मिळाला तर सोडू नका, कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ ही बहुरूपीची मूळ "मॉडेल्स" त्यावरच वाढतात. नर्सरीवाला मोठ्या, बदकासारख्या फुलांचा परदेशी वेल त्याच नावाने देऊ बघतो, तो घेऊ नका, देशी सापसंदच मागा. त्याची फुलं लहान, हिरवट-जांभळी असतात.

मकरंदाची फुलं

फुलपाखराची सोंड बारीक असते. त्याला अनेक लहान नळ्यांसारख्या फुलांचे गुच्छ आवडतात, बसायला जागा आणि एकाच ठिकाणी पन्नास घोट. म्हणून लाल एक्झोरा चालतो, आणि भरगच्च पाकळ्यांचा गुलाब चालत नाही. दुहेरी पाकळ्यांच्या फुलांत मकरंदापर्यंत वाटच उरत नाही.

देशी फुलांत माझी पसंती अशी. तेरडा, कारण तो जून-जुलैत पेरला की भाद्रपदात फुलतो, कोकणात त्याचीच गौर बसवतात, आणि एकदा लावला की शेंगा फुटून आपला आपण पुढच्या वर्षी उगवतो. सोनकी, जिच्याने सप्टेंबरात डोंगरउतार पिवळे होतात. सहदेवी, जिला बहुतेक जण तण म्हणून उपटतात. तिची जांभळी फुलं मुगाच्या दाण्याएवढी, पण लहान निळी फुलपाखरं दिवसभर तिच्यावर असतात. जमीन असेल तर दिंडा: फुलांचे हिरवट-पांढरे घोस फारसे देखणे नाहीत, पण पावसाळ्यात तो फुलला की झुडुपाभोवती मोजता येणार नाहीत इतकी फुलपाखरं जमतात. निर्गुडी कुंपणाला उत्तम, गुरंही तिला तोंड लावत नाहीत.

आणि खुळखुळा. याच्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. पिवळ्या फुलांचं हे रोप, शेंग वाळली की आतल्या बिया खुळखुळतात म्हणून हे नाव, काही जण त्याला घागरी म्हणतात. हंगाम संपला की ते वाळतं, आणि माळी ते उपटून टाकतो. टाकू देऊ नका. कडवा, ब्लू टायगर, हबशी यांचे नर वाळलेल्या खोडांवर आणि शेंगांवर सोंड लावून बसतात. त्यातली रसायनं शोषून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. मी ऑक्टोबरात वाळलेली दोन रोपं तारेला उलटी टांगून ठेवते. एका सकाळी त्यावर अकरा फुलपाखरं मोजली होती, आणि दोन फुटांवर झेंडू फुललेला असूनही त्याच्याकडे एकही गेलं नव्हतं. भुरुंडी मिळाली तर तिचाही असाच उपयोग होतो.

काय लावायचं नाही, तेही स्पष्ट सांगते. घाणेरीवर फुलपाखरं भरपूर येतात, पण तिने आपल्या जंगलांत देशी झुडुपांना जागाच ठेवलेली नाही. पिवळा-नारिंगी कॉसमॉस पाकिटातल्या "वाइल्डफ्लॉवर मिक्स" बियांत हमखास असतो, तो मेक्सिकोकडचा आहे, माळांवर पसरतो आहे. अशी पाकिटं उघड्या माळावर किंवा डोंगरावर कधीच उधळू नका. सहलीला जाताना बीजगोळे टाकायचे असतील तर त्याच डोंगरातली देशी बी घ्या. झेंडू, पेंटास कुंडीत ठेवायला माझी हरकत नाही, ती आटोक्यात राहतात आणि उन्हाळ्यात मकरंदाचा खंड पडू देत नाहीत.

बी आणि रोपं मिळवायची कशी

सर्वांत स्वस्त युक्ती ही. जूनच्या पहिल्या पावसाआधी जवळच्या मोकळ्या जागेतली, जिथे कधी फवारणी झालेली नाही तिथली, वरची दोन बोटं माती पाटीभर आणा आणि रुंद कुंडीत पसरा. त्यात काही पेरू नका. पाऊस पडला की महिनाभरात घोळ, टाकळा, सहदेवी, एकदांडी असं काय काय उगवतं. एकदांडी बाहेरून आलेली असली तरी आता सगळीकडे आहे आणि लहान फुलपाखरांना फार उपयोगी पडते. यात गाजरगवत आलं तर मात्र फुलायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटा. त्याने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो.

बाकी बी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात रस्त्याकडेने, शेताच्या बांधावरून गोळा करा. एका झाडावरची चार-दोन शेंगाच घ्या. कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर नाव, जागा आणि तारीख लिहा.

कासच्या पठारावरून किंवा कोणत्याही सड्यावरून रोपं उपटून आणू नका. कास पठार 2012 पासून जागतिक वारशात समाविष्ट असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तसंही तिथली फुलं तुमच्याकडे जगणार नाहीत. गेंद, सीतेची आसवं यांना जांभ्या दगडावरची इंचभर माती आणि पावसाळाभर झिरपणारं पाणी लागतं. सीतेची आसवं तर मातीत कमी पडलेलं पोषण बारीक किडे पकडून भागवतात. टोपली कारवी 7 वर्षांनी एकदा फुलते. ही फुलं तिथेच जाऊन बघावीत.

नर्सरीतून रोप आणलं तर पहिला महिना ते वेगळं ठेवा. विक्रीच्या रोपांवर बऱ्याचदा कीटकनाशक मारलेलं असतं, काही औषधं मुळांतून पानापर्यंत चढतात. रोप चकचकीत, एकही पान कुरतडलेलं नाही, असं असेल तर शंका घ्या. पानं धुवा आणि नवी पालवी आल्यावरच बागेत मांडा.

लागवड

जूनचा दुसरा पंधरवडा सर्वांत चांगला. कुंडीसाठी दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत आणि एक भाग जाडी वाळू किंवा विटांचा चुरा. नुसती काळी माती कुंडीत घालू नका, पावसात चिखल होतो आणि उन्हात भेगा पडतात. रानफुलांना खत कमीच द्या. जास्त खताने पानं माजतात आणि फुलं उशिरा येतात.

एकेक रोप सुटं लावण्यापेक्षा एका जातीची तीन-चार रोपं एकत्र लावा. उडत्या फुलपाखराला रंगाचा ठिपका दुरून दिसावा लागतो. उंच झाडं मागे, तेरड्यासारखी मधे, घोळ आणि पानफुटी पुढे. पालापाचोळा झाडून जाळू नका, मुळांशी पसरा. काही अळ्या त्यातच कोष करतात.

चिखल, पाणी, सडकं केळं

पाऊस थांबल्यावर ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरं थव्याने बसलेली पाहिली असतील. त्याला चिखलपान म्हणतात. बहुतेक नर असतात, आणि मातीतलं मीठ शोषत असतात. घरी कुंडीखालच्या ताटलीत वाळू आणि माती भरा, चिमूटभर मीठ टाका आणि ओली ठेवा. पाणी वर दिसता कामा नये, नाहीतर डासांची सोय व्हायची. दर तीन-चार दिवसांनी ताटली ढवळून घ्या. शेजारी एक सपाट दगड ठेवा, सकाळी ती त्यावर पंख पसरून ऊन घेतात.

काही फुलपाखरं फुलांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आंब्याच्या पानांवर वाढणारं कॉमन बॅरन, संध्याकाळी उडणारं ईव्हनिंग ब्राउन, यांना पिकून काळं पडलेलं केळं किंवा फणसाचं चारखंड सावलीत ठेवा.

फवारणी नाही म्हणजे नाही

निंबोळी तेलही नाही. ते "सेंद्रिय" आहे म्हणून लोक बिनधास्त मारतात, पण किडीच्या अळीला जे मारतं ते फुलपाखराच्या अळीलाही मारतं, औषधाला दोघींत फरक कळत नाही. रुईवर पिवळा मावा येतो, शेंड्यांना चिकटून बसतो. तो बोटाने पुसून काढा किंवा पाण्याची धार मारा, पण आधी पान उलटून अंडी नाहीत ना ते बघा.

शेजाऱ्यांशी आणि सोसायटीशी आधीच बोलून ठेवा. तिसऱ्या वर्षी आमच्या आवारात डासांसाठी धूर आणि झाडांवर फवारा झाला, मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. रुईखाली बिबळ्या कडव्याच्या चौदा अळ्या पडलेल्या होत्या. त्या दिवशी मी खूप रडले. तेव्हापासून फवारणीच्या आदल्या दिवशी मला निरोप येतो, मी कुंड्या मागे नेऊन जुन्या चादरींनी झाकते आणि जमिनीतल्या झाडांपाशी स्वतः उभी राहते.

अळी दिसली, आता पुढे

काही करायचं नाही. बघायचं. लाइम बटरफ्लायची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. बोटाने डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते, तो तिचा बचाव आहे. बिबळ्या कडव्याची अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. ती पान खायच्या आधी काय करते ते भिंगातून बघा: आधी शिरा कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते, पान थोडं लोंबतं, आणि मगच खायला सुरुवात करते. नाहीतर चिकट चिकात तोंडच चिकटायचं.

सगळ्या अळ्या वाचणार नाहीत. सरडे, गांधीलमाशा, मुंग्या, कोळी, अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक माशा, सगळ्यांचा वाटा त्यात आहे. शिंजीर आणि वटवट्या आपल्या पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात. अळ्या काचेच्या बरणीत भरून घरात आणायचा मोह होतो. एखादी आणली तर ताजी पानं रोज द्या, विष्ठा रोज काढा आणि फुलपाखरू झालं की जिथून आणली तिथेच सोडा. बाहेरगावाहून अंडी-अळ्या मागवू नका, समारंभात उडवायला फुलपाखरं विकत घेऊ नका. काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि खोक्यात कोंडून आणलेली फुलपाखरं फार दिवस जगत नाहीत.

ओळखायला शिकायचं असेल तर एकदा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत जा, किंवा गोव्यात फोंड्याजवळ प्रियोळच्या फुलपाखरू उद्यानात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा सर्वोत्तम काळ. कोणत्या झाडावर कोण बसलंय ते वहीत लिहून आणा, एका सकाळीत वर्षभराची यादी होते.

उन्हाळा

मार्च ते मे फुलपाखरं कमी दिसतात, घाबरू नका. या काळात कुंड्या दुपारच्या उन्हातून बाजूला घ्या, पाणी संध्याकाळी द्या. कढीपत्ता आणि लिंबाची हलकी छाटणी मेच्या शेवटी करा, म्हणजे पहिल्या पावसाबरोबर कोवळी पालवी येते आणि माद्यांना हवं तेव्हा हवं ते मिळतं. रुईही गुडघ्याच्या उंचीपर्यंत कापली तर पुन्हा जोमाने फुटते.

अळी पोटभर खाऊन झाली की झाड सोडून भटकायला लागते. कुंडीच्या काठावर, भिंतीवर, खिडकीच्या गजावरही कोष करते, तेव्हा अळी नाहीशी झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, आसपास शोधा. बिबळ्या कडव्याचा कोष हिरवा किंवा गुलाबीसर, त्यावर सोनेरी टिकल्या, आणि तो उलटा लोंबतो. त्याला हलवू नका. अंड्यापासून इथपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. आणखी आठ-दहा दिवसांनी कोष पातळ काचेसारखा होतो आणि आतून नारिंगी पंखांवरची काळी कड दिसायला लागते. त्या रात्री गजर लावून झोपा. सकाळी कोष खालून उकलतो, चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू बाहेर येऊन रिकाम्या कोषालाच धरून लटकतं, आणि पोटातलं पाणी पंखांच्या शिरांत ढकलत राहतं. पंख पूर्ण ताठ व्हायला तास-दोन तास लागतात. तोवर त्याला हात लावू नका, पाणी शिंपडू नका, त्याच्यावरची सावली तेवढी बाजूला करा.